आमच्या ह्यांना उसण भरली

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची ही गोष्ट. भोरला तेव्हा संस्थान होतं आणि आमचे हे संस्थानच्या कचेरीत कारकून होते. मी वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. लग्नाआधी दिवसातून दोनदा डोंगर चढायचा, गवताचा भारा घेऊन उतरायचं, पावसाळ्यात गुडघाभर चिखलात भात लावायचा, हे माझं रोजचं. लग्न करून भोरात आले आणि पायांना कामच उरलं नाही. नदीवरचं धुणं, आडावरचं पाणी आणि घर, एवढाच मुलूख. घरात आम्ही तिघंच होतो: हे, मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची.

ह्यांची अंगकाठी कचेरीतल्या टाकासारखी. दिवसभर मांडी घालून, पुढ्यात उतरतं मेज घेऊन लिहीत बसायचं. घरी आले की टोपी खुंटीला लावायची आणि भिंतीला टेकून बसायचं, कारण बसून बसून दमलेले असायचे. व्यायाम म्हणून लहानपणी दोन दिवस तालमीत गेले होते. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांना उचलून लाल मातीत ठेवलं, तेव्हापासून मातीशी संबंध तुटला तो तुटलाच.

त्या वैशाखात माझा धाकटा भाऊ पावसाआधीची बेगमी म्हणून बैलगाडीतून तांदळाची दोन पोती घेऊन आला. एक पोतं त्यानं सहज पाठीवर घेतलं आणि गप्पा मारत मारत आत नेऊन टेकवलं. शेजारची दोन माणसं ओट्यावर उभी राहून बघत होती. ह्यांनी ते बघणं बघितलं.

"दुसरं असू दे," हे म्हणाले. "ते मी घेतो."

"दाजी, ऱ्हाऊ द्या," भाऊ म्हणाला. "पोतं लई जड हाय."

तो एवढं बोलला नसता तर पुढचं काही घडलं नसतं. ह्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, पाय ताठ ठेवून कमरेतून वाकले आणि पोत्याचे दोन्ही कान धरून हिसका दिला. पोतं वीतभर उचललं गेलं आणि खाली बसलं. हे मात्र तसेच वाकलेले राहिले. पोतं सुटलं तरी हात खाली, नजर जमिनीवर.

आवाज ऐकून आत्याबाई बाहेर आल्या. "मुजरा कुणाला करतोयस रं?" त्यांनी विचारलं.

"आई, उसण," हे जमिनीकडे बघत म्हणाले.

उसण म्हणजे कमरेत एकाएकी असं धरतं की माणसाला वाकताही येत नाही आणि सरळही होता येत नाही. भावानं ह्यांना होते तसेच, घडी घातलेल्या स्थितीत उचललं आणि गादीवर कुशीवर नेऊन ठेवलं. मग परत जाऊन पोतं आणलं. दोन्ही खेपांना त्याला सारखाच वेळ लागला. ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

मग उपचार सुरू झाले. निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला, तापवलेल्या विटेचा झाला. शेजारणीनं बिब्बा घालायला सांगितला. त्यानं कमरेवर रुपयाएवढा फोड आला आणि आता ह्यांना पाठीवरही निजता येईना. शेवटी आत्याबाईंना आठवलं की उसण उतरवायला पायाळू माणसाची लाथ लागते. पायाळू म्हणजे जन्मताना पायांकडून आलेलं माणूस. असं माणूस आळीत कुठं आहे याचा विचार त्या करत होत्या, आणि मी चुलीपुढं अगदी गप्प बसले होते. कारण पायाळू मीच होते, आणि ते त्यांना लग्न ठरताना सांगितलेलं होतं.

संध्याकाळी त्यांना ते आठवलं. मी भाकरी थापत असताना त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"आत्याबाई, नवऱ्याला पाय कसा लावू?" मी म्हणाले.

"त्याची तोड हाय," त्या म्हणाल्या. "आदी त्याच्या पाया पड. मंग लाथ मार. मंग परत पाया पड. दोन बाजूंनी पुण्य, मदी येक पाप. चालतंय."

ह्यांना पालथं निजवलं. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या, म्हणजे बघितल्याचा दोष लागायला नको. मी पाया पडले आणि उजव्या पायाचा अंगठा हलकेच कमरेला टेकवला.

"लागली का?" आत्याबाईंनी भिंतीला विचारलं.

"काय लागली?" हे म्हणाले.

"आगं जोरानं. मुंगी चढवायची न्हाई."

दुसऱ्या खेपेलाही मी बेतानंच पाय लावला. लाथ तीनदा लागते. तिसऱ्या खेपेला काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. लग्नापासून तीन वर्षं त्या पायाला काही काम मिळालेलं नव्हतं, एवढंच. ह्यांचा आवाज आळीच्या टोकापर्यंत गेला. मी घाईघाईनं पाया पडले, तर त्यांनी पाय आखडून घेतले. उसण होती तिथंच राहिली. पुढचे दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत आणि मी चहा घेऊन गेले की माझ्या पायांकडे बघायचे.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि पडून राहायला सांगितलं. त्यातलं मलम ह्यांनी दोन दिवस लावलं. पडून राहणं मात्र मनावर घेतलं. कचेरीतून रजा मिळाली. संध्याकाळी चार माणसं भेटायला यायची. उसण कशी भरली हे प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं आणि प्रत्येक सांगण्यात पोतं थोडं थोडं मोठं व्हायचं. आठवड्यानं मूळ दुखणं उतरलं असावं, पण आता उठायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. उठून चार पावलं टाकली की मांड्या थरथरायच्या. मग हे म्हणायचे, "बघ, अजून कंबर तयार नाही," आणि परत निजायचे. जेवण निजून, दाढी निजून. असे तीन आठवडे निघाले.

तीन आठवड्यांत गादीची पोळी झाली. कापूस मधोमध दबून ह्यांच्या आकाराचा खड्डा पडला. आत्याबाईंनी पिंजाऱ्याला बोलावणं पाठवलं. गावात एक म्हातारे मुसलमान पिंजारी होते, गाद्या उसवून कापूस पिंजून परत भरून द्यायचे. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. सकाळ-संध्याकाळ ते तालमीत वस्ताद होते, आणि कुणाचा खांदा निखळला, पाय मुरगळला की लोक त्यांच्याकडेच जायचे. आम्ही मात्र त्यांना गादीसाठीच बोलावलं होतं.

चाचा दारात पिंजण टेकवून आत आले. "गादी द्या."

"गादीवर मी आहे," हे म्हणाले.

"ते दिसतंय. कदीपास्नं?"

"तीन आठवडे."

चाचा खाली बसले. गादी चाचपून बघावी तसे त्यांनी ह्यांना चाचपलं. पायांची बोटं हलवायला सांगितली. अंगठा वर धर म्हणाले आणि स्वतःच्या बोटानं तो खाली दाबून पाहिला. तळव्यावरून काडी फिरवली. "पायात बधिरपणा? मुंग्या? पाय लुळा पडतो? लघवी अडती?"

"नाही, नाही, नाही, नाही," हे म्हणाले. प्रत्येक उत्तरागणिक ते जरा नाराज होत चालले होते.

"यातलं येक जरी असतं तर आत्ताच्या आत्ता गाडीत घालून पुण्याला न्यायला लावलं असतं. तुला तसं काय न्हाई. हाड जाग्यावर हाय, शिरा जाग्यावर हाईत. मांस रुसलं होतं, त्याची समजूत कवाच पटली. आता दुखतंय ते निजल्यामुळं दुखतंय." मग आत्याबाईंकडे वळून ते म्हणाले, "वैनी, गादीला काय झालेलं न्हाई. गादीनं माणूस बिघडवलाय."

"पण हलल्यावर दुखतं," हे म्हणाले.

"दुखंल की. दोन परकारचं दुखणं असतं, कारकून. चालून आल्यावर ठणकलं आणि सकाळपत्तूर निवलं, तर ते चांगलं दुखणं. त्याला भ्यायचं न्हाई. कळ मांडीतनं खाली पोटरीत उतराया लागली, न्हाईतर सकाळी कालच्यापेक्षा जास्त झाली, तर आपलं चुकलं. मंग दुसऱ्या दिवशी निम्मं चालायचं. पण निजायचं न्हाई."

त्यांनी नेम घालून दिला. पहिल्या दिवशी दारापर्यंत, दिवसातून पाच-सहा वेळा. मग आडापर्यंत, मग आळीच्या टोकापर्यंत, मग जवळच्या उत्रोली गावाच्या वाटेला, रोज थोडं पुढं. सकाळी पालथं पडून, हात टेकून छाती वर उचलायची, दहा वेळा. आणि दिवसात जेव्हा जेव्हा बराच वेळ वाकून किंवा बसून काम होईल, तेव्हा उठून कमरेवर हात ठेवून मागे झुकायचं. वजन कसं उचलायचं तेही दाखवलं. ह्यांना त्यांनी कुशीवर वळवून, हात धरून उठवलं, उभं केलं. मग स्वतः गुडघ्यात वाकून उकिडवे बसले, गुंडाळलेली गादी पोटाशी धरली आणि मांड्यांच्या जोरावर उभे राहिले.

"कमरेनं उचलायचं न्हाई. पायानं उचलायचं. जिनस पोटाशी. बाईमाणूस पोर उचलतं तसं."

गादी खांद्यावर टाकून ते निघाले. "उत्रोलीपत्तूर जाऊन आलास की सांग. गादी तवा मिळंल."

"मग मी निजू कशावर?"

"घोंगडी हाय की," चाचा म्हणाले आणि गेले.

घोंगडीवर निजण्यापेक्षा चालणं बरं, असं ह्यांना दोन दिवसांत पटलं. दार झालं, आड झाला. आळीच्या टोकाला जाताना मात्र ते अडून बसले. वाटेत परत उसण भरली आणि वाकलेलाच राहिलो तर काय, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. बरोबर कुणीतरी पाहिजे. आत्याबाईंचे गुडघे चालत नव्हते. राहिले मी.

आता आजच्या माणसांना ही अडचण कळायची नाही. त्या काळात नवरा-बायकोनं रस्त्यानं जोडीनं चालणं म्हणजे गावाला आठवडाभराचा विषय. देवाला जातानासुद्धा तो पुढं, ती मागं आणि मध्ये एखादा बैल मावेल एवढं अंतर. आत्याबाईंनी विचार करून तोड काढली: हे पुढं चालतील, मी दहा पावलं मागून डोक्यावर पाटी घेऊन, भाजी आणायला निघाल्यासारखी. कुणी विचारलं तर आमचा एकमेकांशी संबंध नाही.

तसं सुरू झालं. कचेरी सुटायच्या सुमाराला हे काठी घेऊन निघायचे आणि मागून मी रिकामी पाटी घेऊन. गाव मागं पडलं की दोन्हीकडे भाताची खाचरं. तीन वर्षांनी माझे पाय सरळ लांब वाटेनं चालत होते. मला इतकं बरं वाटायचं की मी दहा पावलांचं अंतर विसरायची आणि मग मुद्दाम थांबून ते मोजून घ्यायची.

अडचण एकच होती. ह्यांना चालताना बोलायची सवय लागली. घरात आत्याबाईंसमोर आम्ही फारसं बोलत नसू. इथं वाट मोकळी होती. पण मागं वळायचं नाही, असं ठरलेलं. त्यामुळे हे समोर बघून मोठ्यानं बोलायचे. "आज मांडीत ओढ कमी आहे." मी मागून हळूच "हं" म्हणायची. "कचेरीत माझ्या जागी बसवलेल्याचं अक्षर अगदीच गचाळ आहे म्हणतात." "हं." एकदा त्यांनी चालता चालता विचारलं, "ती तिसरी लाथ तू मुद्दाम मारलीस ना?" यावर मी "हं" म्हटलं नाही. तेव्हा ते थांबले आणि समोरच्या बाभळीला म्हणाले, "नाही, राग नाही. विचारतोय फक्त."

समोरून येणाऱ्या माणसांना काय दिसत होतं, हे आमच्या ध्यानातच आलं नाही. त्यांना दिसत होता काठी टेकत येणारा एक कारकून, एकटाच बोलणारा, मध्येच हसणारा आणि बाभळीची समजूत घालणारा. मागून येणाऱ्या भाजीवालीशी त्याचा काही संबंध असेल असं कुणाला का वाटावं? आमची तोड फारच चांगली जमली होती.

आठ-दहा दिवसांनी शेजारीण आत्याबाईंपाशी बसून हलक्या आवाजात म्हणाली, "तुमच्या ल्योकाचं कमरेतनं डोक्यात गेलं म्हनत्यात. देवऋषाला दावा. आत्ताशी पहिलंवहिलंच हाय, उतरंल."

त्या दिवशी आम्ही परत आलो तेव्हा आत्याबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. त्यांनी मला पाटी खाली ठेवायला सांगितली.

"उद्यापास्नं तू त्याच्या शेजारनं चाल," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, लोक काय म्हणतील?"

"बायकूबरं चालतोय म्हनतील. येडा झाला म्हनण्यापरास ते बरं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भोरच्या रस्त्यानं शेजारी शेजारी चालत गेलो. दुकानदार उठून बघायला आले. एका म्हाताऱ्यानं हातातली चिलीम तशीच धरून ठेवली. हे खालमानेनं चालत होते आणि कान लाल झाले होते. माझा पदर तर नाकापर्यंत आलेला, त्यामुळे मला फक्त चार पावलं दिसत होती, दोन माझी आणि दोन त्यांची. गाव संपल्यावर हे म्हणाले, "आता मला दिसतंय तू हं म्हणताना तोंड कसं करतेस." मी पदर जरा मागं घेतला.

आषाढात आम्ही उत्रोलीला पोचलो. गादीचा हक्क त्याच दिवशी लागू झाला होता, पण आम्ही वाटेत गुंतलो. एका खाचरात लावणी चालू होती. सात-आठ बाया ओळीनं वाकलेल्या, उघडीप असल्यामुळे पावसात डोक्यावर घ्यायची इरली बांधावर उपडी टाकलेली. हिरवी रोपं, चिखलाचा तो वास. माझ्यानं राहवेना. मी नऊवारीचा ओचा खोचला आणि कुणाला न विचारता उतरले. दोन मुठी रोपं घेऊन ओळीला लागले. हात काही विसरले नव्हते.

हे बांधावर उभे. थोडा वेळ त्यांनी पाहिलं आणि मग त्यांना राहवेना. "कमरेतून वाकू नका," ते सगळ्यांना म्हणाले. "गुडघ्यात वाका. नाहीतर उसण भरेल."

ओळ थांबली. बायांनी माना वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यातली एक वयस्क बाई, बहुतेक शेतमालकीण, शांतपणे म्हणाली, "सायेब, तुमी दावा की कसं लावायचं ते."

माघार घ्यायला वाव नव्हता. ह्यांनी वहाणा काढल्या, धोतर खोवलं आणि चिखलात उतरून चाचांनी शिकवल्याप्रमाणे उकिडवे बसले. एक रोप लावलं, दुसरं लावलं. तिसऱ्या रोपासाठी पुढं सरकायचं तर चिखलात रुतलेला पाय निघेना. त्यांनी मांड्यांच्या जोरावर उठायचा प्रयत्न केला. जोर बरोबर होता, पण चिखलाला तालमीतलं काही माहीत नव्हतं. हे अलगद मागं बसले आणि बसलेच राहिले, छातीपर्यंत नाही पण कमरेच्या बरंच वर.

बाया हसून हसून रोपं टाकून बसल्या. मीही हसले, नवऱ्यासमोर, मोठ्यानं, दात दिसेपर्यंत. त्या बाईनं हात देऊन ह्यांना उठवलं.

"कंबर आमची बी दुखती," ती म्हणाली. "लावणीचा म्हैनाभर सरळ व्हता येत न्हाई. पर आमाला कुनी गादीवर निजू देत न्हाई, म्हनून उसणीचा बोभाटा व्हत न्हाई, एवडंच."

हे अंगावरचा चिखल निपटत उभे होते. मला वाटलं आता चिडतील. पण ते विचारात पडले. "खरं आहे," ते म्हणाले. "वाकल्याशिवाय लावणी होत नाही, ते मला आत्ता कळलं. पण एक करून बघा. एक ओळ झाली की उभं राहायचं, कमरेवर हात ठेवायचे आणि मागं झुकायचं, पाच वेळा. मग पुढची ओळ. मला वस्तादांनी सांगितलंय. मला उपयोग झाला."

"येवड्यानं काय व्हतंय?" एक तरुण बाई म्हणाली. पण त्या वयस्क बाईनं कमरेवर हात ठेवले आणि झुकून पाहिलं. तिच्या पाठीत कडाकडा आवाज झाला. तिनं डोळे मिटले, पुन्हा झुकली. मग सगळ्यांनीच केलं. चिखलात ओळीनं उभ्या, कमरेवर हात, तोंडं आभाळाकडे. वाटेनं एक गाडी चालली होती. गाडीवानानं बैल थांबवले आणि तोही वर बघायला लागला. वर काय दिसतंय ते त्याला सापडेना.

चाचांनी गादी आणून दिली, फुगलेली, नवीसारखी. ह्यांनी ती उकिडवं बसून, पोटाशी धरून उचलली. चाचांनी मान हलवली. "आता कुस्ती शिकवाया हरकत न्हाई," ते म्हणाले. ह्यांनी लगेच गादी खाली ठेवली.

कचेरीत रुजू झाल्यावरही हे तासा-दीड तासानं उठून मागं झुकायचे. वरिष्ठांना आधी तो उद्धटपणा वाटला, मग वर्षभरात तेही झुकायला लागले. उसण पुढं आयुष्यात दोनदा भरली. दोन्ही वेळा हे पहिला दिवस कण्हले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेऊन दारापर्यंत गेले. मला बरोबर चल म्हणायला त्यांना कंबर दुखण्याचं निमित्त मात्र कधीच सोडवलं नाही. कंबर ठणठणीत असतानाही संध्याकाळी म्हणायचे, "जरा धरल्यासारखं वाटतंय," आणि आत्याबाई मला आतून ढकलायच्या, "जा, जा, दुखतंय त्याचं."

त्या दिवाळीला आम्ही माहेरी निघालो ते भाड्याच्या बैलगाडीतून. नसरापूर मागं टाकल्यावर वेल्ह्याकडच्या वाटेला हे गाडीतून उतरले. फार वेळ बसल्यानं कंबर आखडते, असं म्हणाले. मग मीही उतरले. डोंगर समोर दिसत होते, भातं कापणीला आलेली. आम्ही दोघं पुढं चालत होतो आणि मागून गाडीवान रिकामी गाडी हाकत येत होता. भेटणारा प्रत्येक जण त्याला थांबवून काहीतरी विचारत होता. अर्धा कोस गेल्यावर त्यानं बैल दामटून आमच्याजवळ आणले.

"सायेब, बसा की आता," तो अगदी काकुळतीनं म्हणाला. "रिकामी गाडी बघून लोकं इचारत्यात, माणसं कुठं सांडली."

"सांग, पुढं निघून गेली म्हणून," हे म्हणाले आणि आम्ही चालत राहिलो.